घरच्यांचे ठसे

"बोट सैल सोडा. तुम्ही दाबू नका, मी फिरवतो," ठसेतज्ज्ञ म्हणाला.

धाकटीला बोट सैल सोडणं काही जमेना. बाप जाऊन आठवडा झाला नव्हता आणि ती पोलीस ठाण्यात बसून कागदावर काळी बोटं उमटवत होती. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

"मी वर्षभरात त्या घरात पाऊल टाकलेलं नाही. माझे कशाला?"

"परवा खोलीत शिरून पलंगाला मिठी मारून रडलात ना? म्हणून. घरच्यांचे ठसे आधी बाजूला काढायचे. तांदूळ निवडतात ना, तसं, पण उलटं. तांदूळ काढून टाकायचे, मागे राहील तो खडा."

खडा सापडावा म्हणूनच तर धाकटीने आकाशपाताळ एक केलं होतं. बाबा आपल्या खोलीत जमिनीवर मरून पडलेले सापडले, डोक्याला खोक. पडून लागलं की कोणी मारलं, डॉक्टर छातीठोक सांगेनात. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटलेली होती. दादा म्हणाला, चोर शिरला. इन्स्पेक्टरबाई हो म्हणेनात की नाही म्हणेनात, पण चौकशीला रोज दादालाच बोलवत होत्या. शेजाऱ्यांनी तर परस्पर निकाल लावून टाकला होता, की म्हाताऱ्याला पोरानेच संपवलं.

ते ऐकून धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दादाने? बाबांचे पाय गेल्यापासून त्यांचं सगळं दादाच करत होता. ती दर रविवारी फोन करायची. "आत्ताच भरवलं त्यांना, डोळा लागलाय. उठवू का?" दादा विचारायचा. ती म्हणायची, "नको, झोपू दे." आपण लांब राहून नुसती चौकशी करतो आणि तो बिचारा राबतो, या विचाराने तिला फोन ठेवताना लाज वाटायची.

बाहेर बाकावर दादा आणि वहिनी बसले होते. दादाची दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते. वहिनी फरशीकडे बघत होती.

"उगाच हा ठशांचा घाट घातलास," दादा म्हणाला. "पोलीस काय, ऐकून घेऊन विसरले असते."

"आणि लोक? जन्मभर तुझ्याकडे बोट दाखवतील. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

"अगं, पण माझे ठसे जिकडेतिकडे असणार! पेल्यावर, चमच्यावर, औषधाच्या बाटलीवर, पलंगाच्या कठड्यावर. रोज दोन्ही वेळा उचलून बसवायचो मी त्यांना. सेवा केली म्हणून फासावर जाईन बघ!"

त्याचा आवाज चिरकला. धाकटीला भडभडून आलं. तिने रुमाल ओला करून आणला आणि त्याच्या बोटांची शाई पुसत बसली. लहानपणी तो तिचं शेंबडं नाक पुसायचा.

"मी बोलते बाईंशी," ती म्हणाली. "मला तरी तुझ्याशिवाय कोण उरलंय रे आता?"

वहिनी उठून पाणी प्यायला गेली.

इन्स्पेक्टरबाईंसमोर धाकटीने हात जोडले. "त्याचे ठसे मिळाले म्हणून त्याला धरू नका, बाई. तोच बघायचा बाबांचं सगळं."

"घरच्या माणसाचे ठसे घरात मिळाले, तर त्यात काय मोठंसं?" बाई म्हणाल्या. "तेवढ्यावर कोणाला धरत नाहीत. घरी जा, थोडं खाऊन घ्या. चेहरा बघा कसा झालाय."

घरी कोणालाच घास उतरला नाही. पुढचे दिवस धाकटीने नुसते ढकलले. फोन वाजला की तिघंही दचकायचे आणि फोन धाकटीलाच उचलावा लागायचा. शेवटी बाईंनी बोलावलं, पण एकटीलाच.

"बसा," बाई म्हणाल्या. "खिडकीवर, दारांवर, खोलीत, कुठेही परका ठसा नाही."

म्हणजे खडा नव्हताच. आता हे दादाला आत टाकणार.

"बाई, त्याचे असणारच हो! मी म्हटलं होतं ना तुम्हाला? पेल्यावर, चमच्यावर..."

"पेल्यावर फक्त वडिलांचे आहेत. चमच्यावर, औषधाच्या बाटलीवरही त्यांचेच. कठड्यावर त्यांचे आणि तुमचे, त्या दिवशीचे. खोलीतल्या मोरीच्या नळावर त्यांचे. भिंतीवर त्यांचे तळहात आहेत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पलंगापासून नळापर्यंत."

"आणि दादाचे?"

"खोलीत त्यांचा एकही ठसा नाही. वहिनींचाही नाही."

धाकटीला क्षणभर कळेचना. मग एकदम उजाडल्यासारखं झालं. ठसाच नाही, म्हणजे दादाने हात लावला नाही! तिला रडू आलं आणि हसूही आलं. देवा, सुटला! लोकांची तोंडं आता बंद होतील.

"म्हणजे तो खोलीत नव्हताच ना, बाई? त्याने काही केलं नाही! तुम्हीच म्हणताय!"

बाईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"खोलीत नव्हतेच ते. दाराचं अजून सांगितलं नाही मी. आतल्या बाजूला, अगदी खाली, वडिलांचे तळहात उमटलेत, सगळीकडे. तुमच्या दादांचे ठसे बाहेरच्या कडीवर आहेत, एकावर एक."