एंटरचे दणके

टोंगाच्या हवामान कार्यालयात लूपे खोटे आकडे घालून लाटांचं गणित तपासत होती, आणि संगणक पुन्हा अडकला. प्रोग्रॅम चौकटीचौकटींत लिहिलेला. शिफ्ट-एंटर दाबलं की एक चौकट चालायची आणि कर्सर पुढच्या चौकटीवर जायचा. “चल ना मेल्या, काय धाड भरलीय तुला?” शिफ्ट धरून तिनं एंटर दणादण बडवलं. संगणक गपचूप एकेक दणका मोजून ठेवत होता. शुद्धीवर येताच त्यानं साऱ्या चौकटी चालवल्या; शेवटचीसुद्धा, गावोगावच्या फोनांवर त्सुनामीचा इशारा धाडणारी. इशारा चुकून गेल्याच्या खुलाशावर साहेबांची सही मिळेपर्यंत आईचा फोन आला. “टेकडीवर पोचलो गं! तुझ्या बापाला पाठुंगळीला घेतलं, डुकरीण पुढं हाकली. लाट कुठाय?” “आई, चूक झाली माझी. खाली या.” धापा टाकत आई म्हणाली, “बरं. खरी येईल तेव्हा तूच ये आम्हाला वर न्यायला.”