अनुक्रमणिकेतला पहिला मान

“परत मोडू?” टाइपाचे खिळे जुळवणाऱ्या दगडूने हातातला चिमटा खाली ठेवला.

“मोड,” हरिहरराव म्हणाले. “गोविंदबुवांना डावा रकाना नको. डावीकडे बसवायला मी काय डग्गा आहे, असं विचारतात.”

नौपाड्यातल्या छापखान्यात ‘जवारी’ या संगीत मासिकाच्या दिवाळी अंकाची अनुक्रमणिका सहाव्यांदा मोडली जात होती. बाकी अंक तयार होता. अडलं होतं ते दोन नावांपाशी. कल्याणचे श्रीपादबुवा आणि डोंबिवलीचे गोविंदबुवा हे दोघेही नामांकित गवई, आणि वीस वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे. दोघांच्या आठवणी एकाच अंकात, अशी जाहिरात संपादक हरिहररावांनी गणपतीतच ठोकून दिली होती. आधी अनुक्रमणिकेत आमची जागा दाखवा, मगच लेख हातात पडेल, असं दोन्ही बुवांनी बजावलं होतं.

मागचा दिवाळी अंक तुळशीच्या लग्नानंतर निघाला होता. यंदाही तसंच झालं तर मासिकाला कायमचं टाळं. त्या धास्तीने हरिहररावांना अन्न गोड लागेना.

त्यांनी नावं आद्याक्षरांप्रमाणे लावून पाहिली. श्रीपादबुवा कडाडले, “गाणं बाराखडीवर जोखता?” वयाप्रमाणे लावावीत, तर इतकी वर्षं पंचावन्नावर थांबलेले गोविंदबुवा आठवड्याभरात साठीचे झाले. लगेच श्रीपादबुवांनी बासष्ट सांगितली. खालचं नाव मोठ्या टाइपात घातलं, तर ते वरच्याला खुपलं.

“सायेब, पानांचे आकडे तरी सांगा,” दगडू म्हणाला. “ती जागा मोकळीच ऱ्हायलीय.”

“आकडे कसले घेऊन बसलास! इथे दोन घराणी पेटलीत.”

शेवटी तोडगा काढला तो शुभदाबाईंनी. नवऱ्याच्या ताटातली भाकरी तशीच पडलेली पाहून त्या वैतागून म्हणाल्या, “अहो, गोल मांडा की! भोंडल्यात पहिली कोण नि शेवटची कोण, असं कुणी विचारतं का?”

हरिहरराव ताटावरून तसेच उठले. मधोमध तंबोऱ्याचा भोपळा, भोवती सगळी नावं. वर कोणी नाही, खाली कोणी नाही. खिळे सरळ ओळीतच बसतात, म्हणून दगडूने कपाळाला हात लावला. पण शिशाच्या पट्ट्या वाकवून त्याने गोल जुळवला एकदाचा. पान इतकं देखणं उतरलं की हरिहररावांना भरून आलं.

दुपारीच प्रूफ घेऊन ते डोंबिवलीला गोविंदबुवांकडे पोचले. दार अर्धवट उघडं होतं. हाक मारणार, तोच त्यांचा पाय ओट्यावरच थबकला.

आत झोपाळ्यावर गोविंदबुवा बसले होते. त्यांच्या शेजारी, त्यांच्याच बशीतले शेंगदाणे खात, श्रीपादबुवा होते.

“आता तो संपादक काय नवीन काढील रे?” गोविंदबुवांनी विचारलं.

“काही काढू दे. या खेपेला रुसायची पाळी तुझी,” श्रीपादबुवा म्हणाले. “मला अजून आठ दिवस तरी हवेत. चारच ओळी झाल्यात.”

“चार झाल्या?” गोविंदबुवांनी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं. “माझा तर अजून कागद आणायचाय.”