पहिली वाटी

सासूनं पेजेची वाटी नाकाशी नेली, वास घेतला आणि ओमितोकडं पाहिलं. "शेवटचं पाणी निवळ होतं?"

"हो, आई."

होतं गढूळच. सोतेत्सूच्या खोडातला गर किती भिजवायचा, पाणी कितीदा बदलायचं, हे ओमितोला चांगलं ठाऊक होतं. त्यातलं विष कुणाची दयामाया करत नाही. पण वादळानं रताळ्यांचं शेत धुऊन नेलं, विहीर टेकडीपलीकडं, आणि धाकटा सान्रा कालपासून रडेनासा झाला होता. रडणारं पोर परवडलं.

बेटावरची रीत जुनी होती. सोतेत्सूची पेज आधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसानं खायची. घराची सावली बांधाला टेकेपर्यंत बाकीच्यांनी कळ काढायची. बांधावरची ती झाडं म्हातारीनंच नवी नवरी असताना लावलेली. वादळात त्यांचं पानसुद्धा मोडलं नव्हतं.

म्हातारीनं वाटी चाटूनपुसून संपवली. "सुनेच्या हाताला चव नाही ती नाहीच," असं म्हणून ती ओट्यावर जाऊन बसली. "माझं तोंड चालू आहे तोवर सासू जिवंत आहे असं समज."

मग तिनं सगळ्या गावाचा उद्धार केला. ओमितो आत भांड्यावरचं झाकण दाबून बसली. सासूची कटकट संपू नये, असं तिला जन्मात पहिल्यांदाच वाटत होतं.

दुपारी म्हातारी रिकाम्या डुक्करवाड्यामागं जाऊन आली. तोंड पुसत होती.

"काय झालं, आई?"

"काही नाही गं. पोटाला अन्नाची सवयच राहिली नाही."

खरं सांगून टाकायला ओमितोनं तोंड उघडलं. सान्रा झाकणाकडं टक लावून बघत होता. तिनं तोंड मिटलं. स्वतःचीच किळस आली तिला.

ऊन उतरलं. ओट्यावर गोष्ट ऐन रंगात आली होती. "...आणि मग त्या नावाड्याची बायको म्हणते कशी..."

कशी, ते ऐकायला ओमितोनं कान टवकारले.

वारा पडलेला. बांधावर सोतेत्सूची पानं ताठ उभी होती.

थोरली चिरू ओट्यावरून आत आली आणि तिनं आपली वाटी पुढं केली.

"सावली टेकली बांधाला. आजी झोपली वाटतं," ती म्हणाली. "आता वाढ ना, आई."