थर्माकोलचा डोंगर

खाप्याला दिलेली लेक शामला सकाळपासून बाळंतपणात अडली होती, आणि तिकडे जायला दुपारशिवाय बस नव्हती. महाल भागातल्या घरात इंदुताईंचे पाय एका जागी ठरत नव्हते. चंपतराव मात्र माशांच्या काचेच्या पेटीशी बसून थर्माकोलचा डोंगर कोरत होते. तळाशी दाबला की डोंगर टुणकन वर येई, आणि ते पुन्हा सुरी घेऊन कोरायला बसत.

"अजी, पोरीचा जीव टांगणीले लागला, अन् तुम्ही माशांले डोंगर करून राहिले?"

"मग काय करू वं? तुझ्यासारखा देवाले वेठीस धरू?" मान वर न करता ते म्हणाले.

हे बोलणं काही नवं नव्हतं. लग्नापासून चंपतरावांनी देवापुढे हात जोडले नव्हते. आणि घरावर संकट आलं की इंदुताई बाळकृष्णाला पाण्यानं भरलेल्या गडव्यात ठेवत, संकट टळलं तरच बाहेर काढत. आजही त्या गडवा भरून देवघराशी गेल्या. सकाळची फुलं पाटावर तशीच होती, बाळकृष्ण नव्हता.

तशाच त्या बाहेर धावल्या. "अजी, देव कुठं गेला?"

ओले हात धोतराला पुसत चंपतराव खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

 

पेटीतला डोंगर आता तळाशी घट्ट बसला होता, आणि त्याच्या कोरलेल्या गुहेत, डोक्यावरून पाणी घेऊन, पितळेचा बाळकृष्ण रांगत होता.