निळ्या पुठ्ठ्याची वही

"चोर! दिवसाढवळ्या दरोडा घालतोय हलकट!"

लॅपटॉपच्या पडद्यावर बोट आपटत डागदर ओरडला तेव्हा त्याची बायको कामावर नेण्याचा डबा भरत होती. तिने आधी झाकण लावलं, मग विचारलं, "कोण?"

"ते माहीत असतं तर इथे बसून राहिलो असतो का?"

डागदर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कपड्यांवरचे डाग कसे काढावेत हे सांगणाऱ्या ब्लॉगचं ते नाव. दोन वर्षांपूर्वी विमा कंपनीतली नोकरी सोडून त्याने तो सुरू केला आणि गल्लीने ब्लॉगचं नाव मालकालाच चिकटवून टाकलं. त्यालाही ते आवडे. 'ओळख' या पानावर त्याचा टाय लावलेला फोटो होता. घरात टाय तो एकच, आणि तोही त्या फोटोपुरताच घेतलेला.

पण ब्लॉगसाठी त्याने रक्ताचं पाणी केलं होतं, हे त्याच्या शत्रूनेही कबूल केलं असतं. लेख आधी निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहिलेला असे, मग पहाटे उठून तो संगणकावर चढवायचा. मथळा दहादा बदलायचा. लोक काय शोधतात ते पाहून तसे शब्द पेरायचे. डागाचा आधीचा आणि नंतरचा फोटो जोडायचा, आणि मग ओळखीच्या-अनोळखी गटांमध्ये लिंक टाकत फिरायचं. डाग पडलेले कपडे बायको कामावरून, लाँड्रीतून, आणून देई. तेवढी तिची मदत होते, असं तो चारचौघांत मोकळ्या मनाने सांगे.

आता कुठे त्याचं चीज होत होतं. एका साबणाच्या कंपनीने वर्षभराच्या जाहिराती द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, मजकूर अस्सल हवा. शुक्रवारी सह्या व्हायच्या होत्या आणि सोमवारी सकाळी हा दुसरा ब्लॉग समोर आला. ना नाव, ना फोटो. लेख मात्र तेच, शब्दन् शब्द.

"शब्दन् शब्द?" बायकोने विचारलं.

"एक सोडून. रक्ताच्या डागाला मी गरम पाणी लिहिलंय, याने थंड केलंय. पकडलं जाऊ नये म्हणून. एवढी चलाखी!"

"वहीत थंडच आहे."

"असेल. टाइप करताना चुकलं असेल."

"गरम पाण्याने एका बाईंची चादर वाया गेली. त्यांनी लेखाखाली लिहिलं होतं तसं."

"ते मी कधीच पुसून टाकलं. आत्ता मुद्दा तो आहे का?"

तिने मनगटावरचा इस्त्रीचा जुना डाग झाकला जाईल इतकी बाही खाली ओढली, पिशवी उचलली आणि कामावर गेली.

तो वाचत राहिला, आणि अर्ध्या तासाने त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाईच्या डागावरचा लेख तिथे होता. तो तर त्याने अजून चढवलाच नव्हता! तो फक्त वहीत होता. म्हणजे चोर घरात येऊन गेलेला.

मेहुणा! गेल्याच महिन्यात आठवडाभर तंगड्या पसरून राहिला होता. त्याने फोन लावला.

"वही उघडलीस ना तू? माझ्याच घरात राहून माझ्याच पाठीत सुरा?"

"भावोजी, मला स्वतःचे मोजे धड धुता येत नाहीत. मी डागांवर काय लिहिणार?"

"मग कोणी लिहिलं?"

"ते तुम्ही ताईलाच विचारा," मेहुणा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

वर हा तोरा! डागदर दिवसभर धुमसत होता. संध्याकाळी बायको दारात चपला काढत होती तेवढ्यात तो सुरू झाला.

"तुझा भाऊ एक नंबरचा लबाड आहे. ब्लॉगच्या कंपनीकडे ठोकलीय मी तक्रार. दोघांकडूनही पुरावा मागवलाय त्यांनी. जो खोटा ठरेल त्याचा ब्लॉग बंद."

"कायमचा?"

"कायमचा. दयामाया नाही."

"नसूच दे," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या कष्टांवर डल्ला मारणाऱ्याला कसली आलीय दयामाया?"

त्याला बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या बाजूने बोललं होतं.

"वही कुठे आहे?"

"असते तिथेच. कपाटात."

तिनेच ती काढून आणली. तो फोटो घेत होता तेव्हा पानं दुमडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी दाबूनही धरली. "सगळी घ्या," म्हणाली. "खोडलेल्या ओळींचीसुद्धा. एक पान सोडू नका."

गुरुवारी सकाळी उत्तर आलं. बायको डबा भरत होती. त्याने विजयी मुद्रेने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"दोन्ही पक्षांनी पुरावा म्हणून एकाच वहीची पानं पाठवली आहेत. दुसऱ्या पक्षाने त्याच वहीत लिहितानाचा व्हिडिओही जोडला आहे. त्यातलं अक्षर वहीतल्या अक्षराशी जुळतं. आपणही त्याच वहीत चार ओळी लिहून तसा व्हिडिओ उद्यापर्यंत..."

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

त्याने व्हिडिओ उघडला. निळ्या पुठ्ठ्याची वही, शेवटचं पान. पेन धरलेला हात घाई न करता, वळणदार अक्षरांत लिहीत होता: 'रक्ताचा डाग. पाणी थंडच.' मग शेवटच्या शब्दाखाली रेघ ओढायला तो हात पुढे सरकला, बाही मागे गेली आणि मनगटावरचा इस्त्रीचा जुना डाग दिसला.