हलू नको
देवबागेत फोटोचं दुकान चालेल का, याचा अंदाज घ्यायला बाबलने जत्रेत मित्राचा कॅमेरा मांडला. फिल्म महाग, म्हणून आत घातलीच नव्हती. लोक बसतात का, एवढंच त्याला बघायचं होतं. नंतर फिल्म खराब झाली अशी थाप मारून सगळ्यांना पुन्हा बोलावता आलं असतं. रांगच लागली. सुभद्राही गलबतावर निघालेल्या नवऱ्याशेजारी लाजत बसली. बाबल खुशीत दुकानासाठी जागा शोधू लागला. पंधरवड्यातच ते गलबत वादळात बुडालं. सुभद्रा त्याच्या दारात आली. "बाबल, तो फोटो माका दी. तेंचो दुसरो फोटोच नाय." ठरवलेली थाप ओठांवर आली, पण तिचं मोकळं कपाळ बघून त्याला ती मारवेना. "वैनी, माजा चुकला. कॅमेऱ्यात फिल्मच नाय होती." ती म्हणाली, "मगे हलू नको म्हणान कित्याक सांगलंस? मी तेंच्याकडे बघूकसुद्धा नाय."