समासातली वजनं

पुतुल वजनकाट्यावर चढली आणि नेहमीसारखी छताकडे बघत उभी राहिली. आकडा स्थिर झाल्यावर चंद्रकांतरावांनी तो वहीच्या समासात पेन्सिलीने टिपला, बटण दाबून काटा शून्यावर आणला आणि खाली चुळबुळत असलेल्या बापीला उचलून तिच्या हातांत दिलं. आता काट्यावर दिसत होतं ते फक्त बापीचं वजन. नऊ किलो चारशे.

अडीच वर्षांच्या बापीला काट्यावर एकट्याला ठेवलं की तो आकांत करायचा, म्हणून आधी त्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीला उभं करायचं. आधीचा आकडा टिपायची खरं तर काही गरज नव्हती. लीनाने सासऱ्यांना तसं दोनदा सांगून पाहिलं होतं. पण आपण भलतंच बटण दाबलं असेल तर, या धास्तीने ते मागून दोघांचं एकत्र वजनही टिपत आणि दर शनिवारी घरी वजाबाकी करून बघत. काट्यावर त्यांचा विश्वास होता, स्वतःवर नव्हता.

"बाबा, कुपोषणातून सुटला हो हा," लीना म्हणाली. तिचा आनंद खरा होता. गार्डन रीचच्या या वस्तीत शेजारच्या कॉलनीतल्या बायकांनी पोषण केंद्र सुरू केल्यापासून एवढं भरलेलं पोर हे पहिलंच. ती फोटोसाठी फोन पुसायला लागली. पुतुलच्या आईने धाकटीचंही नाव दिलंय, सोमवारपासून पुतुल तिला घेऊन येईल, हेही तिने सांगून टाकलं. पोरगी मोठी गुणाची होती. अकरा आठवडे रोज अकराला आणि तीनला भावाला कडेवर घेऊन हजर. त्याला भरवताना खिचडीचं शीतही स्वतःच्या तोंडात टाकत नव्हती. पाच वर्षांच्या आतल्यांनाच जेवण, आणि तेही इथेच, डोळ्यांसमोर, हा नियम तिला एकदाच सांगावा लागला होता.

चंद्रकांतराव बापीचा शेवटचा तक्ता भरायला बसले. तांदूळ, अंडी, गॅस, भांडी घासणारीचा पगार, सगळे रकाने भरून झाले. एक राहिला. कुटुंबाला पडलेला खर्च.

"काही नाही, असं लिहा ना," लीना म्हणाली. "चार पावलांवर घर आणि जेवण फुकट. त्यांना कसला आलाय खर्च?"

तेही खरंच होतं. तरी न विचारता लिहायला त्यांचा हात धजेना. त्यांनी पुतुलला जवळ बोलावलं आणि आपल्या पुस्तकी बंगालीत, अडखळत, इथे येण्यापायी घरचं काही जातं का म्हणून विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. पहिला आठवडा आई आली होती, तर ती काम करते त्या दोन घरच्या बायका चिडल्या. तेव्हापासून आईचं काम चुकत नाही, पुतुल येते.

"आणि शाळा?"

शाळेची वेळ हीच, असं ती म्हणाली. म्हणजे शाळा आता नाही. तिने ते, आज शुक्रवार आहे म्हणावं इतक्या सहज सांगितलं.

आपण अकरा आठवडे या मुलीला दिवसाउजेडी इथे बघतोय आणि हे आजवर आपल्याला सुचलं नाही, या विचाराने चंद्रकांतरावांचे कान तापले. पुढचा प्रश्न मात्र त्यांनी विचारला.

"शाळेत दुपारचं जेवण मिळायचं ना तुला? मग आता दुपारी काय जेवतेस?"

"बापी इथे जेवतो ना, दादू."

"तू?"

"मी त्याला आणते."

ती कोड्यात पडल्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी वही उलटी चाळली. शाईच्या रकान्यात बापी होता. सात आठशे, आठ शंभर, आठ सहाशे, असा चढत आलेला. समासात त्यांचंच बारीक, भित्रं पेन्सिलीचं अक्षर. पहिल्या शुक्रवारी बेचाळीस, ती आई. दुसऱ्या शुक्रवारपासून पुतुल. एकवीस सहाशे. एकवीस दोनशे. वीस नऊशे. दर शनिवारी सकाळी चहा घेता घेता त्यांनी हे आकडे वजाबाकीसाठी वापरले होते. उत्तर दर वेळी बरोबर आलं होतं. आजचा आकडा अठरा नऊशे होता.

त्यांनी वही लीनापुढे सरकवली आणि समासावर बोट ठेवलं. ती हसतच वाकली. हे काय, म्हणून विचारता विचारता थांबली. तिचं बोट एका ओळीवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर उतरत गेलं. फोनचा दिवा विझला, तो तिने पुन्हा लावला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "काटा तर ठीक आहे ना?"

चंद्रकांतराव उठले. पुतुलला त्यांनी पुन्हा काट्यावर उभं राहायला सांगितलं. ती लगेच चढली. छताकडे बघत राहिली. आकडा लुकलुकला आणि थांबला. तोच होता. बटणापाशी नेलेलं बोट तसंच हवेत राहिलं, आणि लीनाही शेजारी येऊन त्या आकड्याकडे बघत उभी राहिली.

पुतुलने भावासाठी दोन्ही हात पुढे केले होते. ते धरून धरून थरथरायला लागले तसं तिने खाली बघितलं.

"दादू, बटण दाबा ना," ती म्हणाली. "नाही तर माझंच वजन दिसेल."